मेणबत्ती कलंडली! टेबल, सोफा आणि मी, तिघांनाही वाचवा

पसारा | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचते. आज धागा काढायची वेळ आली.

वीज गेली म्हणून जाडजूड लाल मेणबत्ती बैठकीतल्या टेबलावर लावली होती. तासाभरात वातीभोवती मेणाचं चांगलं डबकं साचलं. अंधारात चार्जर चाचपडताना कोपर लागलं आणि अख्खं डबकं आडवं झालं. ज्योत विझली, कुणाला भाजलं नाही, तेवढं नशीब.

आता दिवे आलेत आणि प्रताप दिसतोय. टेबलावर तळहाताएवढा थर आणि कडेवरून खाली आलेले दोन ओघळ. टेबल लाकडी आहे, आजेसासऱ्यांच्या वेळचं, आरशासारखं पॉलिश असलेलं. शेजारच्या सोफ्याच्या राखाडी कापडावर पाच-सहा थेंब आणि एक मोठा ठिपका. शिवाय रेक्झिनच्या स्टुलावर शिंतोडे. सासूबाई सोमवारी परत येतायत आणि ते टेबल म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

कुठून सुरुवात करू?

झटपट | ९:४६

एवढं काय त्यात? उकळतं पाणी ओतायचं, मेण वितळलं की पुसायचं. राहिलेला तेलकटपणा स्पिरिटने साफ. पाच मिनिटांत काम फत्ते.

रंधा | ९:५१

पसाराताई, हात मागे घ्या! वरचं एकही काम करू नका. झटपटराव, राग मानू नका, पण हे सनमायकाच्या टेबलावर एक वेळ खपून जाईल. जुन्या पॉलिशवर नाही.

माझं अर्धं आयुष्य पॉलिशच्या कामात गेलंय. आजेसासऱ्यांच्या वेळचं आणि आरशासारखं म्हणताय, म्हणजे बहुधा लाखेचं पॉलिश असणार. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवलेलं. जे स्पिरिटमध्ये विरघळवून लावलं, ते स्पिरिटने पुसलं तर काय होणार? मेण जागच्या जागी राहील आणि पॉलिश फडक्यावर येईल. मेण स्पिरिटला दाद देत नाही, लाख मात्र लगेच देते.

दोन गोष्टी सांगा. मेण घट्ट झालंय का? आणि मेणबत्ती वासाची होती का? वासाच्या मेणबत्तीतलं सुगंधी तेल पॉलिशला मऊ करू शकतं, तिथे फार वेळ घालवून चालत नाही. साधी असेल आणि मेण घट्ट झालं असेल, तर घाई संपली असं समजा. रात्रभर तसंच राहिलं तरी टेबलाचं फारसं काही जात नाही.

पसारा | ९:५८

साधीच होती, बिनवासाची. मेण घट्ट झालंय.

पण रंधादादा, तुमचा प्रतिसाद येईपर्यंत मी गरम पाण्यात पिळलेलं फडकं एका ओघळावर दाबून बसले होते. ओघळ थोडासा निघाला, पण त्याच्याभोवती पांढुरकं, दुधाळ काहीतरी आलंय. पुसलं तरी जात नाही. आता रडू येतंय.

वेंधळा | १०:०२

या, आमच्या कळपात स्वागत आहे. माझी कहाणी नंतर सांगतो, आधी तुमचं टेबल वाचू दे.

रंधा | १०:१०

रडू नका. दुधाळ डाग म्हणजे पाण्याची वाफ पॉलिशच्या थरात अडकली. डाग काळा असता तर पाणी लाकडापर्यंत पोचलं असं म्हणावं लागलं असतं. पांढरा आहे, म्हणजे वरच्यावर आहे. असे डाग बऱ्याचदा कोरड्या हवेत दोन-चार दिवसांत आपोआप विरतात. तिथे घासू नका, काही लावू नका, नुसता पंखा सोडा. आणि या डागाने एक गोष्ट सांगितली: वरचा थर लाखेचा किंवा जुन्या लॅकरचा आहे. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश पिळलेल्या फडक्याने सहसा असं पांढरं पडत नाही.

पक्की खात्री हवी असेल तर टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश आहे पण नजर जात नाही, तिथे कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लावा. मिनिटभराने बोटाला चिकट लागलं तर लाख. तेवढाच एक थेंब. झटपटरावांचं समाधान म्हणून.

आता मेण. बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत भरा. पिशवीला बाहेरून दव सुटतं, म्हणून पिशवी आणि मेण यांच्यामध्ये पातळ कोरडं फडकं ठेवा. पाण्याने एकदा घोटाळा केलाय, दुसऱ्यांदा नको. पाच-सात मिनिटं ठेवलं की मेण कडक आणि ठिसूळ होतं, शिवाय आक्रसतं. लाकूड तेवढं आक्रसत नाही, म्हणून मेणाची पकड सुटते. मग एखादं बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड घ्या, जवळजवळ आडवं धरा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने मेणाखाली सरकवा. टकटक करून उचकटायचं नाही, सरकवायचं. नशीब असेल तर खपलीसारखी ढलपी सुटून येते. चाकू, पातं, उलथणं, काथ्या, काही म्हणजे काही नाही. कागदासारखा पापुद्रा राहिला की थांबा. त्याचं उद्या बघू.

परीक्षानळी | १०:२४

रंधादादांशी सहमत. थोडी रसायनाची बाजू जोडतो, म्हणजे 'हे का आणि ते का नाही' लक्षात राहील.

बाजारातली बहुतेक मेणबत्ती पॅराफिनची असते. मधमाश्यांशी तिचा संबंध नाही, ते खनिज तेलातून येतं. १८३० च्या सुमारास रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा वेगळं केलं, त्याने मिळवलं ते लाकडाच्या डांबरातून. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ ला. लाख ७०-८० अंशांच्या टप्प्यात मऊ पडू लागते. म्हणजे मेण वितळायचं आणि लाख वितळायची नाही, यात फट अगदी थोडी आहे. उकळतं पाणी १०० अंशांचं. यातच सगळं आलं.

आणि साबण. पॅराफिनमध्ये साबणाने पकडावं असं काही नसतं, म्हणून साबणाचं पाणी कितीही फासा, उपयोग शून्य. सोयाबीनच्या मेणाची मेणबत्ती असेल तर गोष्ट वेगळी. ते घट्ट केलेलं वनस्पती तेलच असतं. ते कमी तापमानाला मऊ होतं आणि कोमट साबणपाण्याला बऱ्यापैकी ऐकतं. त्यामुळे 'माझ्याकडे तर साबणाने निघालं' असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलत नसतो, त्याचं मेण वेगळं असतं.

अवांतर, पण सांगायलाच हवं: ज्योत आपोआप विझली ते बरं झालं. सांडलेलं मेण पेटलं तर त्यावर पाणी कधीही टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं. झाकण टाकून हवा तोडायची.

जुनी_पेटी | १०:४१

सोफ्याकडे कुणी बघतंय का? मी बघते.

पसारा, सोफ्याच्या उशीला खालच्या शिवणीत किंवा चेनच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असेल ती वाच. त्यावर 'डब्ल्यू' असेल तर पाण्याने साफ करायला हरकत नाही, 'एस' असेल तर पाणी नको, फक्त द्रावक. दोन्ही अक्षरं असली तर दोन्ही चालतं. 'एक्स' असेल तर फक्त व्हॅक्यूम किंवा ब्रश, पुढचं काही स्वतः करू नकोस.

इथेही आधी बर्फच, पिशवीतून. मेण कडक झालं की कापड दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवायचं, मेणाला तडे जातात. तुकडे नखाने किंवा चमच्याच्या दांड्याने उचलायचे आणि चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. चुरा तसाच ठेवून इस्त्री फिरवली तर एका डागाचे दहा होतात. माझे झाले होते.

मग इस्त्री. वाफ बंद, सगळ्यात कमी ताप. डागावर खाकी कागद किंवा साधा पांढरा टिपकागद, त्यावर इस्त्री आठ-दहा सेकंद टेकवायची, फिरवत बसायची नाही. मेण वितळून कागदात शोषलं जातं आणि कागदावर तेलकट ठसा उमटतो. कागद सरकवून कोरडा भाग घ्यायचा, पुन्हा टेकवायची. कागदावर ठसा उमटायचा थांबला की मेण संपलं. उशीचा अभ्रा निघत असेल तर काढून खालच्या बाजूलाही कागद ठेव, दोन्हीकडून ओढलं जातं.

बटर पेपर वापरू नकोस. त्याला शोषायचंच ठाऊक नाही. वर्तमानपत्रही नको, नाहीतर अग्रलेख सोफ्यावर उमटेल.

वेंधळा | १०:५३

आता माझी कहाणी. इस्त्रीचा सल्ला मीही वाचला होता. 'सगळ्यात कमी ताप' हे तीन शब्द तेवढे वाचले नव्हते. सुती कपड्यांच्या खुणेवर काटा ठेवून सोफ्यावर टेकवली. कागद उचलला तर मेण गायब! आणि त्याच्यासोबत कापडाचा पोतही गायब. इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा गुळगुळीत, चकचकीत, कडक ठिपका. चार वर्षं त्यावर एक उशी आडवी टाकून ठेवली आहे. पाहुणे बाजूला करतात, मी परत ठेवतो.

परीक्षानळी | ११:०१

इस्त्रीच्या चकतीवर एका ठिपक्याची खूण म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सोफ्याच्या काही कापडांत पॉलिप्रॉपिलीनचा धागा असतो, तो १६० च्या आसपास वितळतो आणि त्याआधीच मऊ पडतो. मेणाला ६५ अंश पुरेत. एका ठिपक्याच्या वर जायचं कारणच नाही.

जुनी_पेटी | ११:०६

मखमल असेल तर इस्त्री टेकवायचीच नाही. लव एकदा दबली की उठत नाही. ड्रायर लांबून आणि टिपकागद हाताने दाबून.

झटपट | ११:१५

सगळे माझ्या स्पिरिटच्या मागे लागलेत. आमच्या सनमायकाच्या टेबलावर मी कायम हेच करतो आणि ते आजही धडधाकट आहे.

रंधा | ११:२२

असणारच. सनमायकाला स्पिरिटचं काही वाटत नाही. फक्त उकळतं पाणी कडेला जाऊ देऊ नका. खालचा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि पत्रा कोपऱ्यातून उचलला जातो. व्हीनियरला तर हे फारच लवकर होतं. लाकडाचा तो पापुद्रा कागदाच्या दोन-चार थरांइतकाच असतो. एकदा फुगा आला की सुताराशिवाय गत्यंतर नाही.

पसारा | रविवार, सकाळी १०:३०

ताजी खबर!

टेबलावरचा मोठा थर दोन तुकड्यांत सुटून आला. अक्षरशः सुटून आला, मी कार्ड नुसतं सरकवलं. आवाजसुद्धा छान येतो, टक् करून. ओघळांनी त्रास दिला, कडेच्या नक्षीत मेण बसलंय. वरच्या पृष्ठभागावर धुरकट, गुलाबी झाक असलेला पापुद्रा आहे. दुधाळ डाग कालच्यापेक्षा फिका वाटतो. का माझे डोळे चांगलं बघायला लागलेत, देव जाणे. स्पिरिटच्या थेंबाने बोट चिकटलं. लाखच.

रेक्झिनच्या स्टुलावरचे शिंतोडे बर्फानंतर नखाने निघाले, तिथे काहीच करावं लागलं नाही.

सोफ्याच्या चिठ्ठीवर दोन्ही अक्षरं आहेत. इस्त्री दुपारी.

रंधा | १०:४८

शाब्बास. स्टुलाला आता टर्पेंटाइन वगैरे लावू नका, रेक्झिन कडक होऊन पुढे तडकतं.

पापुद्र्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला ड्रायरचा: सगळ्यात कमी झोत, वीतभर अंतर, सतत हलता हात. दुसरा हात टेबलावर शेजारीच ठेवा. तुमच्या तळहाताला सोसवत नसेल तर पॉलिशलाही सोसवत नाहीये. मेण चमकायला लागलं की ड्रायर बाजूला आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने एका दिशेने टिपा. प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. तीच घडी परत फिरवली तर मेण एकीकडून उचलून दुसरीकडे लावत बसाल.

दुसरा रस्ता मिनरल टर्पेंटाइनचा, रंगवाल्यांकडे मिळतं ते. मेण त्यात विरघळतं आणि लाख विरघळत नाही. म्हणजे झटपटरावांच्या स्पिरिटच्या बरोबर उलट! कापड नुसतं ओलसर करायचं, टेबलावर ओतायचं नाही. आधी खालच्या बाजूला करून बघा. नक्षीत जुना दात घासायचा ब्रश, मऊ केसांचा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटकलेला. खिडक्या उघड्या ठेवा. आणि दोन्ही रस्ते एकाच वेळी धरू नका. टर्पेंटाइनची बाटली बाहेर असताना ड्रायरची पिन सॉकेटमध्ये असता कामा नये. वापरलेली फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका, बाहेर पसरून वाळवा.

रॉकेलनेही मेण निघतं, हे आधीच सांगतो, कारण कुणीतरी विचारणार. पण मागे तेलकट थर ठेवतं आणि आठवडाभर वास.

नंतर ती जागा आजूबाजूपेक्षा थोडी मंद दिसली तर घाबरू नका. फर्निचरचं मेणपॉलिश वाटाण्याएवढं घ्या आणि अख्ख्या टेबलाला पातळ फिरवा. एका ठिपक्याला लावाल तर तो ठिपका उठून दिसेल.

कोरडी_फांदी | ११:३०

धाग्यात घुसते, माफ करा. आमच्याकडे पॉलिशच नसलेलं, कच्च्या लाकडाचं बाक आहे. त्यावर मेण पडून महिना झाला. वरचं खरवडलं, पण तेलकट गडद डाग आहे. पॉलिश पेपर मारू का?

रंधा | ११:४४

नको, निदान आत्ता नको. कच्च्या लाकडाची छिद्रं उघडी असतात, मेण त्यांत मुरलंय. पॉलिश पेपर मारला की घर्षणाने ते मऊ होतं, पेपराचे दाणे बुजतात आणि उरलेलं मेण तुम्ही स्वतःच्या हाताने आणखी आत रेटता. दोन मिनिटांत पेपर बाद आणि डाग होता तेवढाच.

तुमच्याकडे एक फायदा आहे, जपायला पॉलिश नाही. त्यामुळे जुनी_पेटी काकूंची इस्त्री-कागदाची रीत लाकडावर करा. जाड टिपकागद, मध्यम ताप, वाफ नको. बाक जोडाचं असेल तर सांध्यांपासून लांब, तिथे गोंद असतो. कागद कोरडा निघायला लागला की टर्पेंटाइनने दोन-तीनदा पुसा, दरवेळी नवं फडकं. पूर्ण वाळू द्या आणि मग हवा तर पॉलिश पेपर.

त्या बाकाला पुढे कधी वार्निश किंवा पीयू करणार असाल तर हे मन लावून करा. आत मेण राहिलं तर वार्निश तिथे धरत नाही, सोलपटून निघतं. काहीच लावणार नसाल तर थोडं राहिलं तरी चालेल. लाकडाला मेण शत्रू नाही, आम्ही पैसे घेऊन तेच लावतो.

कोरडी_फांदी | ११:५०

हा हा. धन्यवाद!

फरशीपुसणी | दुपारी १:१२

संगमरवराच्या टेबलाला हेच चालेल का? व्हिनेगरने निघतं असं ऐकलंय.

परीक्षानळी | १:३५

व्हिनेगर, लिंबू दोन्ही लांब ठेवा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं आणि चकाकी कायमची जाते. मेणाला आम्लाने काही होतही नाही, म्हणजे मेण राहील आणि दगड जाईल. बर्फ आणि प्लास्टिकचं कार्ड चालेल. आत मुरलेल्या डागासाठी टाल्कम पावडर टर्पेंटाइनमध्ये कालवून घट्ट लेप करा, डागावर थापा, वरून प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि मग उचला. वाळताना तो डाग वर ओढतो. एकदा करून भागत नाही, दोन-तीनदा करायची तयारी ठेवा.

पसारा | संध्याकाळी ६:२०

टेबल झालं! पृष्ठभागावर ड्रायर, नक्षीत टर्पेंटाइन. मधे तीन तासांचं अंतर ठेवलं, रंधादादा, पिन काढून. एक बनियन कामी आला. तो जुना होता असं माझं म्हणणं आहे, नवऱ्याचं नाही. मेणपॉलिश फिरवलं. दुधाळ डाग आता उजेडाकडे तिरकं बघितलं तरच दिसतो.

सोफा मात्र... मेण सगळं निघालं, कागद कोरडा येतोय, हाताला काही लागत नाही. पण थेंबांच्या जागी गुलाबी ठिपके राहिलेत. मोठ्या ठिपक्याची तर लाल कड दिसते.

परीक्षानळी | ६:३१

तो मेणाचा डाग नाही, रंगाचा आहे. मेण कागदात गेलं, त्यातला रंग थोडा धाग्यांनी धरून ठेवला. म्हणूनच रंगीत मेण आधी जमेल तेवढं थंड असतानाच काढायचं. इस्त्रीखाली वितळणारं मेण जितकं कमी, तितका रंगही कमी पसरतो.

यावर उपाय आहे, पण लिहायला जीव होत नाही. झटपटरावांनाच लिहू दे.

झटपट | ६:३८

स्पिरिट??

परीक्षानळी | ६:४०

स्पिरिट. आधी उशीच्या मागच्या शिवणीत करून बघा, कापडाचा मूळ राखाडी रंग तर फडक्यावर येत नाही ना. येत नसेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडं घ्या आणि कडेकडून मधे टिपत या. चोळायचं नाही. फडक्यावर गुलाबी रंग उतरायला लागेल. इस्त्री थंड झाल्यावरच, आणि खिडक्या उघड्या.

झटपट | ६:४१

मंडळी, हा प्रतिसाद मी छापून फ्रेम करून घेतोय.

पसारा | सोमवार, दुपारी १२:१५

शेवटचा अहवाल. छोटे ठिपके गेले. मोठ्याची अगदी पुसट गुलाबी कड राहिली आहे, माहीत असलेल्यालाच दिसेल. सासूबाई दोन वाजता येतायत, तेव्हा जास्त छळ नको म्हणून उशी सरळ उलटी केली.

खालच्या बाजूला बॉलपेनच्या शाईचा हा एवढा मोठा डाग. जुना, निळा. मी केलेला नाही, नवराही नाही म्हणतो. या घरात याआधी कुणीतरी हीच उशी उलटी करून ठेवली होती आणि इतकी वर्षं कुणी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शाईसाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

झटपट | १२:१६

स्पिरिट.